किट कार: सुटे भाग जोडून नवशिका माणूस स्पोर्ट्स कार कशी बनवतो?

ब्रिटनमधल्या एखाद्या साध्या घरासमोर ट्रक थांबतो. त्यातून लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा, एक इंजिन आणि पुठ्ठ्याची बरीच खोकी उतरवली जातात. घरमालक मेकॅनिक नसतो. तो शिक्षक असेल किंवा बँकेत नोकरीला असेल. आयुष्यात त्याने फार तर पंक्चर झालेलं चाक बदललेलं असतं. तरीही काही महिन्यांनी तो त्याच खोक्यांतून तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्स कार घेऊन रस्त्यावर येतो, तीही सरकारी चाचणी पास होऊन आणि नंबर प्लेट लावून.

अशा गाडीला 'किट कार' म्हणतात. ब्रिटन आणि अमेरिकेत हा छंद कित्येक दशकं जुना आहे. पण ज्याने कधी पाना हातात धरला नाही, अशा माणसाला हे खरंच जमतं का? जमतं. मात्र अनेक गाड्या अर्धवट अवस्थेत, ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून राहतात, हेही खरं आहे. पूर्ण झालेली गाडी आणि पडून राहिलेली गाडी यांच्यात फरक कशामुळे पडतो, हे समजून घेऊया.

किट कार म्हणजे नेमकं काय?

कारखान्यात पूर्ण जोडलेली गाडी विकण्याऐवजी कंपनी तिचे भाग सुटे विकते आणि जोडणी ग्राहक स्वतः करतो, ती किट कार. साधारणपणे किटमध्ये चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा, बॉडीचे पत्रे किंवा फायबरचे भाग, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि शेकडो नट-बोल्ट असतात. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि वायरिंग किटसोबत येतं की वेगळं मिळवावं लागतं, हे त्या किटवर अवलंबून असतं.

बहुतेक किट कार स्पोर्ट्स कारच असतात. चार दरवाजे, एसी, एअरबॅग आणि हवाबंद केबिन असलेली फॅमिली कार घरच्या गॅरेजमध्ये बनवणं फार किचकट आहे. दोन सीट, उघडं छप्पर आणि पुढे इंजिन एवढाच संसार असलेली गाडी त्यामानाने सोपी. शिवाय ती हलकी असते, त्यामुळे छोट्या इंजिनावरही चपळ धावते. ब्रिटनच्या केटरहॅम कंपनीच्या 'सेव्हन १७०' या गाडीचं वजन सुमारे ४४० किलो आहे. आपल्याकडची जुनी मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची होती. या केटरहॅममध्ये सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलेंडरचं टर्बो इंजिन असतं. वजनच कमी असल्याने ते पुरतं.

या छंदाची सुरुवात कशी झाली?

याचं एक मोठं कारण म्हणजे कर. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार गाडीवर 'परचेस टॅक्स' नावाचा जबर कर होता. सुट्या भागांचा संच घेतला तर तो लागत नसे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही अत्यंत साधी, हलकी गाडी आणली आणि ती किट म्हणूनही विकली.

याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. करातून सूट हवी असेल तर किटसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. म्हणून गाडी 'कशी सुटी करायची' याचं पत्रक दिलं जाई आणि ग्राहक ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत असे.

१९७३ साली परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि किटचा तो फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क लोटसकडून केटरहॅम कार्सने घेतले. करबचत संपली, पण स्वतः गाडी बनवण्याची गोडी टिकली. केटरहॅम आजही सेव्हन किटच्या रूपात विकते आणि त्या घाटाच्या गाड्या इतर अनेकांनीही बनवल्या आहेत.

अमेरिकेत हा छंद वेगळ्या वाटेने वाढला. तिथे १९६० च्या दशकातल्या 'शेल्बी कोब्रा' या गाडीच्या प्रतिकृती लोकप्रिय आहेत. मॅसॅच्युसेट्समधली, १९९५ साली सुरू झालेली फॅक्टरी फाइव्ह रेसिंग ही कंपनी अशा किटसाठी ओळखली जाते.

किटचे तीन प्रकार

नवशिक्याचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय पाना हातात घेण्याआधीच होतो, आणि तो म्हणजे कोणतं किट घ्यायचं. ढोबळमानाने तीन पर्याय असतात.

*१. पूर्ण किट.* यात जवळपास सगळं नवं आणि मोजून-मापून दिलेलं असतं. केटरहॅमच्या किटमध्ये चॅसीला पत्रे आधीच लावलेले असतात आणि वायरिंगही बसवलेलं असतं. वेल्डिंग करावं लागत नाही, रंगकाम करावं लागत नाही. काम मुख्यतः बोल्ट लावण्याचं. त्याला साधारण शंभर तास लागतात. दर शनिवार-रविवारी मिळून सहा तास दिले तर सतरा आठवडे, म्हणजे चार महिने. हा सगळ्यात महाग पर्याय आहे.

*२. डोनर किट.* यात चॅसी आणि बॉडी कंपनीकडून येते आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग हे सगळं एका जुन्या गाडीतून काढायचं असतं. त्या गाडीला 'डोनर' म्हणतात. माझदाची एमएक्स-५ यासाठी खूप वापरली जाते, कारण तिचं इंजिन पुढे असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते, जशी रचना बहुतेक किट कारना हवी असते. फॅक्टरी फाइव्हची '८१८' ही गाडी सुबारू इम्प्रेझाच्या भागांवर उभी राहते. खर्च कमी होतो, पण काम कित्येक पटीने वाढतं. जुनी गाडी खोलायची, गंजलेले बोल्ट सोडवायचे, भाग धुवायचे, झिजलेले बदलायचे आणि मग जोडणी सुरू करायची.

*३. शून्यातून बांधणी.* रॉन चॅम्पियन यांचं १९९६ साली हेन्स प्रकाशनाने काढलेलं एक पुस्तक या पर्यायासाठी प्रसिद्ध आहे. फक्त २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. चौकोनी लोखंडी नळ्या कापून, वेल्ड करून चॅसी घरीच बनवायची आणि फोर्ड एस्कॉर्टसारख्या जुन्या गाडीचे भाग त्यात बसवायचे, अशी ही पद्धत. या गाड्यांना 'लोकॉस्ट' म्हणतात. २५० पौंडांचा आकडा आज विसरलेलाच बरा. वेल्डिंग शिकण्यापासून सुरुवात करणाऱ्याला हे काम सहज काही वर्षं पुरतं.

या तिन्हींत खरा फरक पैशांचा वाटतो, पण त्याहून मोठा फरक निर्णयांचा आहे. पूर्ण किटमध्ये कोणता बोल्ट कुठे, कोणती वायर कशाला, हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. डोनर किटमध्ये ते निम्मं तुमच्यावर येतं. लोकॉस्टमध्ये जवळपास सगळंच. हात काम शिकतात, त्याला फार वेळ लागत नाही. पण 'हा भाग इथे बसत नाही, आता काय करायचं?' या प्रश्नाचं उत्तर अनुभवातूनच येतं आणि नवशिक्याकडे नेमका तोच नसतो. म्हणून पहिल्या गाडीसाठी जितके कमी निर्णय आपल्यावर येतील तितकं किट चांगलं.

सुरुवातीला काय काय लागतं?

*जागा.* गाडीच्या चारही बाजूंनी माणूस फिरू शकेल एवढं, कुलूप लागणारं, कोरडं गॅरेज. बॉडीचे भाग आणि खोकी ठेवायला आणखी जागा लागते, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं.

*हत्यारं.* रिंग पाने, सॉकेट पाने, स्क्रू-ड्रायव्हर, ड्रिल, रिव्हेट गन, जॅक आणि गाडी उचलून ठेवायला भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. इंजिन उचलायची क्रेन एक-दोन दिवसच लागते, ती भाड्याने मिळते.

*टॉर्क रेंच.* हे एक हत्यार नवशिक्याला ठाऊक नसतं आणि त्याच्यावाचून चालतही नाही. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, कडक स्प्रिंगसारखा. त्या ताणामुळेच दोन भाग घट्ट राहतात. कमी आवळला तर धक्क्यांनी सैल होतो, जास्त आवळला तर आटे जातात किंवा बोल्ट तुटतो. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टसाठी किती आवळायचं याचा आकडा पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. तो आकडा गाठला की टॉर्क रेंच 'टिक' असा आवाज करून सांगतो.

*राखीव पैसे.* किटच्या किमतीत हत्यारं, टायर, तेलं, चाचणीची फी, नोंदणी आणि विमा बहुधा धरलेला नसतो. पूर्ण हिशेब खरेदीआधीच मांडावा लागतो.

जोडणीचा क्रम कसा असतो?

तपशील किटप्रमाणे बदलतात, पण वाट साधारण अशी असते.

पहिला दिवस पाना न उचलता जातो. सगळी खोकी उघडून यादीप्रमाणे भाग मोजायचे, पिशव्यांवर नावं लिहायची आणि जे कमी आहे ते कंपनीला लगेच कळवायचं. हा कंटाळवाणा दिवस पुढचे अनेक आठवडे वाचवतो.

मग पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बसतं. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून क्रेनने, तिरपे धरून चॅसीत उतरवतात. हे दोघा-तिघांचं काम. मोकळी जागा अगदी थोडी असते, त्यामुळे चॅसीच्या नळ्यांना जुनी गादी किंवा पुठ्ठा गुंडाळून ठेवतात. पुढे मागचा डिफरन्शियल आणि एक्सल, मग ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची टाकी, रेडिएटर आणि सायलेन्सर. शेवटी सीट, पट्टे, दिवे, काच आणि मडगार्ड.

इंजिन पहिल्यांदा सुरू करताना थेट किल्ली फिरवत नाहीत. आधी पेट्रोलचा पुरवठा आणि स्पार्क बंद ठेवून फक्त स्टार्टरने इंजिन फिरवतात. ऑइलचा दाब मीटरवर दिसू लागला, म्हणजे तेल आतल्या बेअरिंगपर्यंत पोहोचलं, हे कळतं. मगच पेट्रोल आणि स्पार्क जोडतात. या वेळी कुठल्याही जोडातून पेट्रोल गळत नाही ना, हे बघायला एक माणूस आणि हाताशी आग विझवायचं सिलेंडर असायलाच हवं.

चूक कुठे परवडत नाही?

पत्र्यावर ओरखडा पडला, गालिचा वाकडा चिकटला, तरी गाडी चालते. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि पेट्रोल या चार ठिकाणी मात्र चूक जिवावर बेतू शकते.

कारखान्यात हे बोल्ट आवळल्याची नोंद यंत्रणा ठेवते. घरच्या गॅरेजमध्ये ती यंत्रणा आपणच उभी करायची असते, आणि ती सोपी आहे. बोल्ट टॉर्क रेंचने आवळून झाला की लगेच त्यावर रंगाच्या पेनाने एक रेघ मारायची, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या भागावर. रेघ नाही म्हणजे काम बाकी आहे. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला आहे. जेवायला उठताना अर्धवट सोडलेला बोल्ट असाच सापडतो. 'मी तो आवळला होता बहुतेक' या वाक्याला इथे जागा नाही.

नायलॉनची कडी असलेले लॉक नट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत, कारण त्यांची पकड कमी होते. ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली तर पेडल स्पंजसारखं लागतं. द्रव दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. ही हवा पूर्ण काढल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो, तेव्हा ते लगेच पाण्याने धुवावं लागतं.

आणि शेवटी, दुसऱ्या माणसाची नजर. स्वतः केलेल्या कामातली चूक स्वतःला दिसत नाही. जाणत्या मेकॅनिककडून पूर्ण गाडी तपासून घेणं यात कमीपणा नाही. केटरहॅमसारखी कंपनी तर ग्राहकाने बांधलेली गाडी तपासून देण्याची सेवाच देते.

मग गाड्या अर्धवट का राहतात?

अर्धवट किट कार विकायला निघतात तेव्हा त्यांत बहुधा काही मोडलेलं नसतं. काम फक्त थांबलेलं असतं. एखादा भाग मिळत नाही, म्हणून दोन आठवडे गॅरेज बंद राहतं. मग पावसाळी थंडी येते, घरात बाळ येतं, नोकरी बदलते. परत आल्यावर कुठली पिशवी कशाची होती हे आठवत नाही आणि दार पुन्हा बंद होतं.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक वेळी काम थांबवताना पुढची पायरी कागदावर लिहून ठेवायची. दर टप्प्याचे फोटो काढायचे. एक भाग अडला तर तोवर करता येईल असं दुसरं काम हाताशी ठेवायचं. आणि घरच्यांशी वेळ आणि खर्चाबद्दल आधीच मोकळेपणाने बोलून घ्यायचं. एका बैठकीत दोन तास मिळाले तरी पुरतात, पण ते नेमाने मिळायला हवेत.

ब्रिटनमधली परीक्षा: आयव्हीए

गाडी तयार झाली म्हणजे ती रस्त्यावर नेता येते असं नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल', म्हणजे आयव्हीए चाचणी द्यावी लागते. ही पद्धत २००९ पासून आहे. त्याआधी १९९८ पासून 'एसव्हीए' ही चाचणी होती.

सरकारी परीक्षक गाडी बारकाईने तपासतो. ब्रेक, स्टिअरिंग, सीटचे पट्टे जिथे अडकवले ते भाग, आरसे, दिव्यांची उंची, धूर आणि आवाज हे सगळं मोजलं जातं. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवलेला चालत नाही. माणसाला लागू शकेल अशी धारदार कड बाहेर नको, म्हणून कडांना ठरावीक गोलाई लागते. उघड्या बोल्टवर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडेला रबरी पट्टी लावलेली असते, ती याच कारणासाठी.

नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा म्हणजे ही नियमावली गाडी पूर्ण झाल्यावर वाचणं. तोपर्यंत आरसा चुकीच्या जागी बसलेला असतो आणि भोक पाडून झालेलं असतं. नियम आधी वाचून ठेवले तर तेच काम एकदाच करावं लागतं. गाडी हौशी माणसाने स्वतः बांधली आहे याचा पुरावाही मागितला जातो, तेव्हा काढून ठेवलेले फोटो आणि पावत्या कामी येतात.

पहिल्या फेरीत नापास होणं सामान्य आहे. परीक्षक दोषांची यादी देतो, त्या दुरुस्त करून पुन्हा जाता येतं. पास झाल्यावर डीव्हीएलए ही संस्था नंबर देते. गाडीचं वय ठरवता येत नसेल तर 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो.

अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे आहेत. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात अशा खास बांधलेल्या गाड्यांना धुराच्या नियमांत सवलत देणारी एक योजना आहे आणि तिच्यात वर्षाला ५०० गाड्याच बसतात.

भारतात हे शक्य आहे का?

गाडी बांधणं शक्य आहे. ती रस्त्यावर चालवणं ही खरी अडचण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांपैकीच. पण ही प्रक्रिया वाहन उत्पादकांसाठी आखलेली आहे. ब्रिटनच्या आयव्हीएसारखा, एकट्या हौशी माणसाच्या एकाच गाडीसाठीचा सरळ मार्ग आपल्याकडे नाही.

जुन्या गाडीचं आरसी बुक वापरून तिच्या जागी नवी बॉडी उभी करण्याची युक्तीही चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हीच भूमिका कायम ठेवली.

तरी सेव्हनच्या घाटाची गाडी महाराष्ट्रात बनली आहे. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर 'रोडस्टर' ही गाडी काढली होती आणि तिच्यात अँबॅसेडरमध्ये येणारं १.८ लिटरचं इसुझू इंजिन होतं.

ज्यांना गाडी बांधायचीच आहे, त्यांच्यासाठी इंजिनिअरिंग कॉलेज हा इथला सगळ्यात जवळचा मार्ग आहे. 'बाहा एसएई इंडिया' आणि 'फॉर्म्युला भारत' या स्पर्धांसाठी विद्यार्थी चॅसीपासून गाडी बनवतात, आणि तिथेही शर्यतीआधी कडक तांत्रिक तपासणी पार करावी लागते. आयआयटी मुंबईच्या संघाने स्वतः बनवलेली इलेक्ट्रिक रेसिंग कार ब्रिटनमधल्या स्पर्धेतही नेली आहे.

थोडक्यात

पहिली किट कार बांधायला मेकॅनिक असावं लागत नाही. स्वतःच्या वेळेला आणि खिशाला झेपेल असं, जास्तीत जास्त निर्णय आधीच घेतलेलं किट निवडायचं. चाचणीचे नियम पहिल्याच आठवड्यात वाचायचे. प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट आकड्याप्रमाणे आवळून त्यावर रेघ मारायची. आणि ब्रेक-स्टिअरिंगचं काम दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही.